भाडेकरू अक्षरं

मामाची फाइल मी पहिल्यांदा उघडली तेव्हा पडद्यावर मराठीचं एकही अक्षर नव्हतं. कंस, टक्के, डॉलरची चिन्हं, मधेच डोक्यावर टोपी घातलेलं एखादं रोमन अक्षर. अशी चौदा पानं. फाइलचं नाव तेवढं कळत होतं, कारण ते मामानं इंग्रजी अक्षरांत दिलं होतं: आईच्या ओव्या.

मामाची आई म्हणजे माझी आजी. माझं आजोळ शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई. वग आणि लावण्या लिहिणारे लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर यांचं गाव. आजी काही कलावंत नव्हती. जात्यावर बसली की गायची, एवढंच. मामाचं गावात छोटं दुकान होतं: झेरॉक्स, लग्नपत्रिका, यात्रेची पत्रकं. २००३ साली दुपारच्या रिकाम्या वेळात त्यानं आजीला दुकानात खुर्चीवर बसवलं आणि ती सांगेल तशा ओव्या थेट टाइप केल्या. वही कधी नव्हतीच. आता आजी नाही, मामाही नाही. उरली ती जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क.

फाइल खराब झालेली नव्हती. एकेक बाइट जागेवर होता. मग मराठी गेली कुठे?

तुम्ही फोनवर 'क' टाइप करता तेव्हा आत 'क' या अक्षराचाच क्रमांक साठवला जातो. त्यामुळे फोन बदला, ॲप बदला, 'क' हा 'क'च राहतो. २००३ मध्ये मामाच्या दुकानात तसं नव्हतं. तेव्हाच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ जागा असायच्या आणि त्या इंग्रजीसाठी आखलेल्या. आपल्या लोकांनी त्याच जागांवर मराठीचे तुकडे बसवले: अर्धा 'क', काना, वेलांटी, रफार. कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजीच लिहीत असायचात. फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. मुखवटा काढला की खाली डॉलर आणि टक्के.

पुन्हा प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम, शिवाय आकृती, कृतिदेव. एकाचा 'म' दुसऱ्याच्या जागेवर भलतंच काही. फॉन्टसोबत पाठीमागे चालणारा एक छोटा प्रोग्रॅम असायचा. तुम्ही कळ दाबली की तो ती मधल्यामध्ये पकडायचा आणि पेजमेकर किंवा वर्डला हवा तो तुकडा द्यायचा. आजच्या भाषेत हे सगळं प्लग-इनच. मूळ सॉफ्टवेअर परक्याचं, आपली मराठी त्यावर बाहेरून लावलेली. बऱ्याच पॅकेजांना कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं एक कुलूपही असे. ते नसेल तर पॅकेज सुरूच होत नसे.

म्हणजे मराठी तिथे भाडेकरू होती. भाडेकरूचं कसं असतं? घरमालकानं भिंत पाडायची ठरवली तर त्याला विचारत नाहीत.

भिंती पडत गेल्या. मराठी छपाईचा मोठा भाग ज्यावर चालायचा त्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. ॲडोबीनं नंतर सगळं लक्ष इनडिझाइनकडे वळवलं. पुढे विंडोज ६४-बिट झालं. त्यावर ३२-बिट ड्रायव्हर चालत नाहीत, त्यामुळे कुलपाचा जुना ड्रायव्हर निकामी. १६-बिटच्या काळातले प्रोग्रॅम तर त्यावर सुरूच होत नाहीत. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा आधार संपला. जानेवारी २०२३ मध्ये ॲडोबीनं टाइप १ जातीच्या जुन्या फॉन्टांचा आधार काढून घेतला. यातलं काहीही मराठीच्या विरोधात नव्हतं. मराठी त्यांच्या हिशेबातच नव्हती.

मामाच्या पॅकेजचं नाव मी सांगत नाही, कारण ही गोष्ट एका पॅकेजची नाही. त्याचा कॉम्प्युटर जळाला तेव्हा त्यानं नवा घेतला आणि जुनं पॅकेज त्यावर चालेना. विकणाऱ्यानं सांगितलं, नवी आवृत्ती घ्या. मामानं हिशेब केला: एका लग्नसराईची कमाई. त्यानं पत्रिकांचं काम सोडलं आणि झेरॉक्स तेवढी ठेवली. ओव्यांची फाइल तिथेच राहिली.

गंमत म्हणजे योग्य रस्ता तेव्हाही माहीत होता. तुकड्याला नव्हे, अक्षराला क्रमांक द्यायचा, हे तत्त्व भारतानं १९९१ मध्ये इस्की नावाच्या मानकात मान्य केलं होतं. युनिकोडमधला देवनागरीचा १२८ जागांचा विभाग इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर उभा आहे, आणि तोही १९९१ पासून. २००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा युनिकोड फॉन्ट होता. म्हणजे मामा ओव्या टाइप करत होता तेव्हा मराठीच्या नावाचा सातबारा तयार होता.

मग तो तिथे राहायला का गेला नाही? कारण पत्रिका छापायची होती. इनडिझाइनला देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवता येऊ लागली ती २०१२ च्या सीएस६ पासून. त्याआधी युनिकोडमधला मजकूर तिथे ओतला की जोडाक्षरं मोडायची. शिवाय जुन्या पॅकेजांत फॉन्ट भरपूर, नक्षीदार, युनिकोडमध्ये मोजके. मोबाइलचीही तीच कथा. दहा-बारा वर्षांपूर्वी कितीतरी स्वस्त फोनवर मराठी मेसेज म्हणजे नुसते चौकोन दिसायचे, हे तुमच्यातल्या काहींना आठवत असेल.

जुना मजकूर वाचवणारेही प्लग-इनच होते. फायरफॉक्ससाठी 'पद्म' नावाचं एक ॲड-ऑन होतं. भारतीय लिप्यांच्या जुन्या फॉन्टांतली पानं ते युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आलं आणि जुन्या पद्धतीच्या ॲड-ऑन्सची अख्खी जात एका अपडेटमध्ये बंद झाली. 'पद्म' त्याच जातीचं. एका अपडेटनं बेघर झालेल्यांना आसरा देणारी धर्मशाळा दुसऱ्या अपडेटनं पाडली.

आपल्याकडे हे आधीही घडलंय. मोडी लिपी व्यवहारातून गेली आणि पणजोबांचे कागद नातवंडांना परके झाले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा राज्यभर मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. पण माणसं सापडली, कागद वाचले गेले. मोडीचा कागद वाचायला शिकलेला डोळा पुरतो. मामाची फाइल वाचायला तो फॉन्ट, तो प्रोग्रॅम, ते कुलूप आणि ती विंडोज, सगळं एका जागी लागतं. शंभर वर्षांपूर्वीचा कागद वीस वर्षांपूर्वीच्या फाइलपेक्षा सोपा निघतो.

मग मी काय केलं? मामाच्या कपाटात लग्नपत्रिकांच्या नमुन्यांखाली एक छापील पान सापडलं. फाइलचं पहिलं पान, बहुधा तपासायला काढलेलं. एका बाजूला छापलेली मराठी, दुसऱ्या बाजूला पडद्यावरचे डॉलर-टक्के. दोन्ही जुळवत कोष्टक बनवलं: हे चिन्ह म्हणजे अर्धा 'स', हे म्हणजे काना.

एवढ्यानं भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमानं असतात, युनिकोडमध्ये जशी उच्चारतो त्या क्रमानं. 'विठ्ठल' लिहिताना जुन्या पद्धतीत वेलांटी आधी, 'व' नंतर. युनिकोडमध्ये आधी 'व', मग वेलांटी. 'सूर्य' मधला रफार जुन्या फाइलमध्ये 'य' च्या नंतर, युनिकोडमध्ये त्याच्या आधी. प्रत्येक वेलांटी एक घर मागे आणि प्रत्येक रफार पुढे नेत, छोट्या प्रोग्रॅमच्या मदतीनं मी तीन रविवार बसलो. पहिल्या पानावर न आलेली चिन्हं अंदाजानं लावली. एकूण एकसष्ट ओव्या निघाल्या.

शिरूर तालुक्यातल्याच सविंदण्याच्या बायकांच्या ओव्या आज कुणालाही फोनवर वाचता-ऐकता येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभ्या केलेल्या प्रकल्पात गावोगावच्या बायकांच्या लाखभर ओव्या जमल्या आणि २०१७ पासून 'परी'च्या संकेतस्थळावर त्या येत आहेत. ते शक्य झालं कारण त्या कामामागे माणसं वर्षानुवर्षं टिकून राहिली. मामाच्या फाइलमागे कुणी नव्हतं. गावोगावच्या डीटीपीवाल्यांच्या डिस्कवर काय काय असेल: संस्थांचे अहवाल, शाळांचे अंक, कुणाचं आत्मचरित्र. तुमच्या घरी, ओळखीत असा एखादा जुना कॉम्प्युटर असेल तर भंगारात देण्याआधी त्यातल्या फाइली काढून घ्या. त्यांच्यासोबत फॉन्टच्या फाइलीही घ्या, आणि एखादं छापील पान मिळालं तर तेही. तेच पान किल्ली आहे.

ओव्या आईला व्हॉट्सॲपवर पाठवल्या. तिनं त्या मोठ्यानं वाचल्या, आणि तिसऱ्या ओवीवर थांबली.

"'येमाई' नाही रे. आई 'येमाय' म्हणायची. इथे बसतच नाही चालीत."

मला वाटलं माझं कोष्टक चुकलं. छापील पान काढून पाहिलं. तिथेही 'येमाई'च होतं. टाइप करता करता मामानंच आजीचा शब्द शुद्ध करून टाकला होता. फॉन्ट, विंडोज, अपडेट यांच्या कितीतरी आधी.

मी फाइलमध्ये 'येमाय' केलं. मामाचा 'येमाई' पुसला नाही. शेजारी कंसात ठेवला.