शिकवणारी 'दिल्ली'

सप्टेंबर १९४८ मध्ये 'दिल्ली' ही क्रूझर मुंबई बंदरात आली, तेव्हा ती नवी नव्हती. बर्केनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीत १९३२ साली पाण्यात उतरलेली ही 'अकिलिस'. १३ डिसेंबर १९३९ रोजी प्लेट नदीच्या मुखाबाहेर 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी ती झुंजली होती. जानेवारी १९४३ मध्ये ग्वाडालकॅनालजवळ जपानी बॉम्बने तिचा एक तोफमनोरा निकामी केला, आणि पुढे तो काढूनच टाकला. मूळच्या आठ सहा-इंची तोफांपैकी सहाच घेऊन ती आपल्याकडे आली. इंग्रजांनी जुना माल आपल्या गळ्यात मारला, हा आक्षेप म्हणूनच वरवर बिनतोड वाटतो.

मला तो पटत नाही. त्या घडीला नौदलाला तोफांहून जास्त निकड होती ती मोठं जहाज चालवू शकणाऱ्या माणसांची. ७२,००० अश्वशक्तीची वाफेची टर्बाइन्स फिरती ठेवायची, बॉयलरचा दाब सांभाळायचा, तिन्ही मनोऱ्यांच्या तोफा एकाच लक्ष्यावर धरायच्या. शेकडो खलाशांनी समुद्रावर एकत्र राबल्याशिवाय हे अंगवळणी पडत नाही. लोणावळ्याच्या 'शिवाजी' तळावर १९४५ पासून नौदलाचे तंत्रज्ञ घडत होते, पण घाटमाथ्यावर भरसमुद्राचा सराव कुठून मिळणार? भोसरीत जुन्या लेथवर कारखाना उभा केलेल्या माणसाला हे चटकन उमगेल. 'दिल्ली'चे पहिले कप्तान इंग्रज होते, तर एक्झिक्युटिव्ह ऑफिसर होते रामदास कटारी. हेच कटारी १९५८ मध्ये पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. एका जहाजाने त्यांना घडवलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण एवढ्या मोठ्या जहाजाचा रोजचा कारभार भारतीय अधिकाऱ्याच्या हाती आला तो इथे, हे नाकारता येत नाही.

लढाईत तिचा उपयोग किती झाला, असा प्रश्न उरतो. १९६१ मध्ये दीवच्या मोहिमेत तिने तोफा डागल्या, एवढंच ठळकपणे सांगता येतं. १९७१ मध्ये कराचीवर चालून गेल्या त्या क्षेपणास्त्र नौका. तोफांच्या क्रूझरचा काळ सरला होता. तरीही ती भंगारात गेली नाही, नवशिक्यांना घेऊन समुद्रावर जातच राहिली. तिची खरी कामगिरी मला त्यातच दिसते. ३० जून १९७८ रोजी ती मुंबईत निवृत्त झाली. 'अकिलिस' असताना ती काही काळ ज्या देशाच्या नौदलात होती, त्या न्यूझीलंडला तिचा एक तोफमनोरा भेट दिला गेला आणि ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौतळावर बसवला गेला. तिचं नाव पुढे चालवणारी विनाशिका १५ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात दाखल झाली. ती मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली होती.