धान्य पूर्ण मिळाले, तक्रार निकाली

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे मोहल्ल्यातल्या बायकांना सरकारी अर्ज लिहायचा असला की त्या माझ्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी एक शेजारीण रेशनकार्ड घेऊन आली. "आपा, एक अर्जी लिख के देव," म्हणाली. मी विचारलं, धान्य कमी दिलं का? "नहीं आपा, अनाज पूरा देते. पन हमारी लाइन अलग लगाते. पहले उनका होता, बाद में हमारा."

दुकानदार आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांना बाजूच्या ओट्यावर बसवून ठेवायचा. बाकीच्यांचं वाटप आटोपलं की मग यांची पाळी. कधी तोवर मशीनची रेंज जायची आणि उद्या या, असं सांगितलं जायचं. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा एक दिवस बुडायचा. कुणी बोललंच तर उत्तर ठरलेलं, "मिळतंय ना? मग झालं."

आम्ही अर्ज दिला. चौकशीला आलेल्या माणसानं तिला रेशन दुकानातच बोलावलं आणि दुकानदारासमोरच विचारलं, "काय तक्रार आहे तुमची?" ती म्हणाली, "काही नाही साहेब." महिनाभरानं कागद आला. पॉस मशीनवरील नोंदीनुसार अर्जदारास देय धान्य पूर्ण मिळालेले आहे, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. त्या कागदात एक शब्द खोटा नव्हता. पण आम्ही विचारलेल्या गोष्टीचं उत्तरही त्यात नव्हतं.

सरकारी धान्य वाटताना भेदभाव झाला, तर ती तक्रार कुणी आणि कशी ऐकायची? हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला होता का, हे शोधत गेले तेव्हा अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातली एक हकिकत हाती लागली. ती आपल्याकडे फारशी माहीत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

ग्रीनवूडचा हिवाळा

मिसिसिपीचा डेल्टा म्हणजे कापसाचा मुलूख. लफ्लोर काउंटी हा त्यातला एक भाग आणि ग्रीनवूड हे त्याचं मुख्य गाव. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी व्यवस्था. शेतात राबणारे बहुतेक काळे लोक होते. वेचणी संपली की हिवाळाभर हाताला काम नसे. त्यात कापूस वेचणारी यंत्रं आल्यामुळे मजुरी आणखी आटली होती. त्या काळात केंद्र सरकार शिल्लक शेतमाल, म्हणजे पीठ, तांदूळ, दूध पावडर अशा वस्तू, गरिबांना फुकट देत असे. माल वॉशिंग्टनचा असला तरी वाटप स्थानिक काउंटीच्या हातात होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

1962 मध्ये विद्यार्थी कार्यकर्त्यांनी ग्रीनवूडमध्ये काळ्या नागरिकांची नावं मतदार यादीत नोंदवण्याची मोहीम सुरू केली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत काउंटीच्या मंडळानं हिवाळ्यातलं धान्यवाटप बंद केलं. वीस हजारांहून जास्त माणसं त्या धान्यावर जगत होती आणि त्यांत बहुसंख्य काळी होती. मंडळानं दिलेलं कारण काय होतं? साठवणुकीचा आणि वाटपाचा खर्च परवडत नाही. ठरावात वर्णाचा उल्लेख नाही, मतदानाचा नाही. नुसता हिशेब.

आता विचार करा, ग्रीनवूडच्या एखाद्या बाईनं तक्रार कुणाकडे करायची? ज्या मंडळानं धान्य बंद केलं, त्याच मंडळाकडे. आणि तिथल्या कागदावर लिहिलेलं असणार, खर्च परवडत नाही.

शेवटी लोकांनीच धान्य जमवलं. बाहेरच्या राज्यांतून गाड्या भरून अन्न येऊ लागलं. डिक ग्रेगरी हा तेव्हाचा प्रसिद्ध विनोदी कलावंत. त्यानं फेब्रुवारी 1963 मध्ये विमान भाड्यानं घेऊन 14,000 पौंड, म्हणजे सहा टनांहून जास्त, अन्न पोचवलं. दमदाटीचा परिणाम उलटाच झाला. धान्यासाठी रांगेत आलेली शेकडो माणसं मतदार नोंदणीच्या कचेरीकडेही जाऊ लागली. अखेर केंद्र सरकारनं दबाव आणला आणि काउंटीला वाटप पुन्हा सुरू करावं लागलं.

दोन दारं

2 जुलै 1964 रोजी अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याच्या सहाव्या प्रकरणाचा अर्थ सोपा आहे. केंद्राचा पैसा ज्या योजनेत जातो, त्या योजनेत वंश, वर्ण किंवा मूळ देश यावरून कुणाला वगळता येणार नाही. वाटप कुणाच्याही हातून होवो, पैसा जिथून आला तिथली जबाबदारी संपत नाही. त्याच वर्षी 31 ऑगस्टला फूड स्टॅम्पचा कायदा झाला. त्यातल्या भेदभावबंदीत वंशाबरोबर धर्म आणि राजकीय मत हेही शब्द आहेत. ग्रीनवूडची हकिकत माहीत असली की 'राजकीय मत' हा शब्द किती गरजेचा होता ते कळतं.

पुढे या योजनेची जी नियमावली तयार झाली, तिच्यात माझ्या शेजारणीच्या अर्जाचं उत्तर सापडतं. तिथे तक्रारीची दोन वेगळी दारं आहेत. मदत कमी मिळाली, बंद झाली, अर्ज नाकारला, तर 90 दिवसांत सुनावणी मागता येते. ते मापाचं दार. पण मदत देताना वंश, धर्म, लिंग, अपंगत्व, वय, राजकीय मत यावरून वेगळी वागणूक मिळाली, तर 180 दिवसांत भेदभावाची तक्रार करता येते. ते वागणुकीचं दार. दुसऱ्या दारातून आलेल्या माणसाला 'तुला धान्य तर मिळालं ना' एवढं सांगून परत पाठवता येत नाही, कारण त्याची तक्रार धान्याची नसतेच.

या दुसऱ्या दाराचे बारकावेही पाहण्यासारखे आहेत. तक्रार तोंडी केली तरी चालते. ती ऐकणाऱ्या कर्मचाऱ्यानंच लिहून घ्यायची असते. स्थानिक कचेरीला वगळून थेट केंद्राच्या खात्याकडेही ती पाठवता येते. तक्रार कुठे करायची हे सांगणारं पोस्टर कचेरीत लोकांना दिसेल असं लावावं लागतं. तक्रार केली म्हणून कुणाला त्रास देणं हाही नियमभंग ठरतो. अर्ज लिहून देणारी आपा शोधायला नको आणि दुकानदारासमोर उभं राहायला नको, याची सोय नियमातच केलेली आहे.

पण कायदा झाला म्हणून भूक मिटली नाही. सुरुवातीला फूड स्टॅम्प विकत घ्यावे लागत. ज्या काउंट्या फुकट धान्य सोडून स्टॅम्पकडे वळल्या, तिथली रोकड नसलेली कुटुंबं उपाशी राहिली. एप्रिल 1967 मध्ये रॉबर्ट केनेडी आणि जोसेफ क्लार्क हे सिनेटर डेल्टातल्या झोपड्यांत फिरले, तेव्हा देशाला हे दिसलं. विकत घेण्याची अट हटवणारा कायदा 1977 मध्ये झाला. मधल्या काळात, 1969 मध्ये, ब्लॅक पँथर पक्षानं ओकलंडमध्ये मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. याच पँथरचं नाव घेऊन 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

आणखी एक धडा आहे आणि तो कडू आहे. ज्या शेती खात्याकडे अन्नमदतीची योजना, त्याच खात्याकडून शेतकऱ्यांना कर्जंही मिळत. कर्ज देताना भेदभाव झाल्याच्या काळ्या शेतकऱ्यांच्या तक्रारी येत होत्या. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या तपासणारी खात्यातली यंत्रणाच मोडीत काढली गेली. तक्रारी स्वीकारल्या जात होत्या, त्यांची चौकशी होत नव्हती. अनेक वर्षांनी शेतकरी कोर्टात गेले. मुदत टळलेल्या जुन्या तक्रारी ऐकता याव्यात म्हणून 1998 मध्ये संसदेला वेगळी तरतूद करावी लागली आणि 1999 मध्ये तडजोड झाली. दार असणं पुरेसं नसतं, दाराच्या आत कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

आपल्याकडचं माप

आता घरी येऊ. 2003 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ दलित स्टडीजनं राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूतल्या 531 गावांत पाहणी केली. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी तिच्यावर लिहिलेला लेख 2005 मध्ये आला. दलितांना माप कमी देणं, भाव जास्त लावणं हे त्यात आहेच. पण एक नोंद वाचून मी थांबले. स्पर्श होऊ नये म्हणून काही दुकानदार दलितांच्या ओंजळीत वरून धान्य टाकत. अशा ओंजळीत माप पूर्ण पडलं असेल, तर आमच्याकडे आलेल्या कागदाप्रमाणे तीही तक्रार निकालीच निघणार.

सर्वोच्च न्यायालयात 2001 पासून अन्नहक्काचा खटला चालला. त्यात 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशानं शाळेत शिजवलेलं अन्न देणं बंधनकारक केलं. 20 एप्रिल 2004 च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या, असं सांगितलं. म्हणजे अन्न किती एवढंच नाही, ते कुणाच्या हातचं हाही प्रश्न न्यायालयानं ओळखला होता. तरी डिसेंबर 2021 मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात काही मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचं जेवायला नकार दिला, तेव्हा आधी त्या बाईचीच नोकरी गेली. बोभाटा झाल्यावर तिला परत घेतलं.

2013 मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला. त्यात तक्रारीची व्यवस्था आहे, हे मान्य करायला हवं. कलम 14 मध्ये हेल्पलाइन आणि नोडल अधिकारी, कलम 15 मध्ये जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, कलम 16 मध्ये राज्य अन्न आयोग, कलम 29 मध्ये दक्षता समित्या. अधिकाऱ्यानं शिफारस केलेला दिलासा न देणाऱ्या लोकसेवकाला 5,000 रुपयांपर्यंत दंड. पण कलम 15 ची भाषा बघा. तक्रार हक्काच्या धान्याच्या किंवा जेवणाच्या वाटपाबाबतची. हे मापाचं दार झालं. वागणुकीच्या दाराचा त्यात उल्लेख नाही.

दलितांसाठी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, पण तो पोलीस ठाण्याचा रस्ता. महिन्याला त्याच दुकानात अंगठा लावायला जाणाऱ्या बाईला तो किती जड जात असेल! मुसलमान बाईसाठी तसा कायदाही नाही. संविधानाच्या अनुच्छेद 15 नं धर्मावरून भेदभावाला आणि दुकानात प्रवेश नाकारायला मनाई केली आहे. ते तत्त्व माझी मुलं नागरिकशास्त्रात पाठ करतात. पण ते घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत गेलं, तर अर्ज कोणत्या रकान्यात बसवायचा हे तिथल्या कारकुनालाही माहीत नसतं.

मागणी मोठी नाही. तक्रारीच्या अर्जात भेदभावाचा वेगळा रकाना असावा. ती तक्रार पुरवठा शाखेबाहेरच्या माणसानं तपासावी. बाईचा जबाब दुकानापासून दूर, एकटीचा घ्यावा. निकालात मशीनची नोंद नव्हे, तर रांगेत काय घडलं ते लिहावं. यासाठी धान्याचा एक दाणाही जास्त लागत नाही.

माझी शेजारीण आता पोर्टेबिलिटीमुळे लांबच्या दुकानातून धान्य आणते. रिक्षाला वीस रुपये जातात, पण तिथे नंबरानं मिळतं. ती म्हणते, सुटले. मला मात्र तसं वाटत नाही, कारण जुन्या दुकानाच्या ओट्यावर अजून बाकीच्या बायका बसलेल्या असतात. त्यांच्यातली एक परवा आली होती. तिच्या अर्जाची पहिली ओळ मी अशी लिहिली, 'सदर तक्रार धान्य कमी मिळाल्याबाबतची नाही.'