मॅन्टलपासून स्कोमेटपर्यंत

१९५३ साली एका पोलिश जहाजातून भारतातलं जेमतेम टनभर थोरियम नायट्रेट चीनकडे निघालं आणि वॉशिंग्टनमध्ये धावपळ उडाली. माल इंडियन रेअर अर्थ्‌स या सरकारी कंपनीचा. हे रसायन तेव्हा आपल्याकडे लग्नाच्या वरातीपर्यंत पोचलेलं होतं, पेट्रोमॅक्सच्या मॅन्टलमधून. त्यात भिजवलेली जाळी पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जातं आणि मागे थोरियम ऑक्साइडचा राखेसारखा सांगाडा उरतो. बोट लागलं तर त्याचा भुगा होतो, पण तापला की लख्ख पांढरा उजेड देतो. अडचण एवढीच, की थोरियम अणुभट्टीत ठेवलं तर त्यातून युरेनियम-२३३ मिळतं आणि ते बॉम्बला चालतं.

कम्युनिस्ट देशांना असा माल देणाऱ्याची मदत बंद, असा अमेरिकेचा १९५१ चा कायदा होता. मदतीपायी आपल्या व्यापारावर अटी घालून घेणार नाही, असं नेहरूंनी ठणकावलं. बरीच घासाघीस झाली, मदत काही थांबली नाही आणि अखेर भारताकडचं थोरियम विकत घ्यायला अमेरिकाच तयार झाली.

आज मुंबईच्या बंदरातून किंवा चाकणच्या कारखान्यातून माल परदेशी धाडताना निर्यात विभागातला माणूस ‘स्कोमेट’ ही निर्यात-नियंत्रणाची यादी उघडून बसतो, तिचं कूळ अशा भांडणांत सापडतं. यादी बनवणारे फार दूरदृष्टीचे होते अशातला भाग नाही. बैल गेला आणि झोपा केला, हीच तिच्या बहुतेक नोंदींची जन्मकथा आहे.

यादीची थोरली पाती पॅरिसची. शीतयुद्धाच्या तोंडावर, १९४९-५० मध्ये, अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी तिथं ‘कोकॉम’ नावाची समिती उभी केली. सोव्हिएत गोटाला काय विकायचं नाही ते ती ठरवायची. करार नाही, गाजावाजा नाही, सगळा कारभार एकमेकांच्या भरवशावर. तो भरवसा किती, हे १९८७ मध्ये कळलं. जपानच्या तोशिबा मशीन कंपनीनं लेनिनग्राडच्या गोदीला पाणबुडीचे पंखे कोरणारी नऊ अक्षांची यंत्रं विकली होती. नॉर्वेच्या काँग्सबर्गनं त्यांचे संगणकी नियंत्रक पुरवले होते. कागदोपत्री मात्र यंत्रं दोन अक्षांची, म्हणजे परवानगीतली. या पंख्यांमुळे सोव्हिएत पाणबुड्यांचा आवाज कमी झाला असा आरोप झाला, आणि अमेरिकी खासदारांनी संसदेच्या आवारात कॅमेऱ्यांसमोर तोशिबाचा रेडिओ घणानं फोडला. रेडिओचा बिचाऱ्याचा काय दोष! पण मूळ कंपनीच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं.

अणुवस्तूंची पाती वेगळी, आणि तिच्या मुळाशी आपलं तुर्भे आहे. १९५६ च्या करारानुसार कॅनडानं तिथं ४० मेगावॉटची अणुभट्टी उभारायला मदत केली, जड पाणी अमेरिकेनं दिलं. १९६० मध्ये सुरू झालेल्या या ‘सायरस’चा वापर शांततेसाठीच होईल, एवढं कागदावर होतं. तपासणीची व्यवस्था मात्र नव्हती. १८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम सायरसचं होतं. दिल्ली त्याला ‘शांततामय अणुस्फोट’ म्हणाली. कॅनडाला हा शब्द पटला नाही. त्यानं सहकार्य तोडलं आणि राजस्थानातली दुसरी अणुभट्टी भारताला एकट्यानं पुरी करावी लागली.

प्राध्यापक क्लोद झांगर या स्विस गृहस्थांची समिती १९७१ पासूनच एक यादी जुळवत बसली होती: यातली वस्तू विकायची तर आंतरराष्ट्रीय तपासणीची अट आलीच. ती १९७४ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाली. पण ती समिती अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या चौकटीतली, आणि फ्रान्स तेव्हा त्या कराराबाहेर. म्हणून १९७५ मध्ये सात पुरवठादार देश लंडनला वेगळे बसले. आधी ‘लंडन क्लब’ म्हणून ओळखली गेलेली ही बैठकच पुढे ‘अणुपुरवठादार गट’ झाली.

यादी केली तरी गिऱ्हाईक फट शोधतंच. शास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान नेदरलँड्समधून युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजची माहिती घेऊन पाकिस्तानला परतले. पाकिस्ताननं ब्रिटनमध्ये या सेंट्रिफ्यूजसाठी इन्व्हर्टर मागवले, तेव्हा ते ब्रिटनच्या यादीत नव्हते. गवगवा झाल्यावर घातले गेले.

रसायनांची कथा जास्त विदारक आहे. थायोडायग्लायकॉल बॉलपेनच्या शाईत वापरतात, कापडाच्या रंगकामात वापरतात, आणि अगदी थोड्या प्रक्रियेनं त्याचा मस्टर्ड वायू होतो. इराणवर रासायनिक अस्त्रं वापरली गेल्याचं १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सांगितलं. इराकच्या या अस्त्रांचा कच्चा माल नेहमीच्या व्यापारातूनच गेला होता. म्हणून १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पुढाकारानं ‘ऑस्ट्रेलिया ग्रुप’ जमला. फ्रान्स व्हान आनराट या डच व्यापाऱ्यानं इराकला हजार टनांहून अधिक थायोडायग्लायकॉल पुरवलं होतं. त्याला शिक्षा झाली ती थेट २००५ मध्ये.

भारतानं १९९० च्या दशकात आपली यादी केली आणि २००० च्या सुमारास तिला ‘स्कोमेट’ हे नाव मिळालं: विशेष रसायनं, जीवजंतू, पदार्थ, उपकरणं आणि तंत्रज्ञान. वर्ग शून्यापासून सुरू होतात. शून्य म्हणजे अणुवस्तू. त्यांचा परवाना अणुऊर्जा विभागाकडून, ज्याचं मुख्यालय मुंबईतच आहे. बहुतेक बाकीच्यांसाठी अर्ज परदेश व्यापार महासंचालनालयाकडे (डीजीएफटी).

दरम्यान ऑक्टोबर २००३ मध्ये ‘बीबीसी चायना’ हे जहाज इटलीत तारांतोला वळवलं गेलं. लिबियाला चाललेल्या मालात सेंट्रिफ्यूजचे भाग निघाले, मलेशियात बनवलेले. खान यांचं अणुतंत्राच्या चोरट्या विक्रीचं दुकान उघडं पडलं. २८ एप्रिल २००४ ला सुरक्षा परिषदेचा १५४० क्रमांकाचा ठराव आला आणि निर्यात-नियंत्रण प्रत्येक देशाला बंधनकारक झालं. भारतानं २००५ मध्ये महासंहारक अस्त्रांविषयीचा कायदा केला. माल यादीत नसला, तरी तो अशा अस्त्रासाठी जाणार हे ठाऊक असेल तर विकता येत नाही. या कुळातला खरा पालट इथला आहे. तोवर वस्तू तपासत होते, आता गिऱ्हाईक तपासायचं.

एकेकाळी अशा गटांना नावं ठेवणारा भारत २०१६ ते २०१८ दरम्यान क्षेपणास्त्र तंत्रज्ञान, वासेनार (कोकॉमचा वारस) आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही गटांत जाऊन बसला. पोखरणमुळे जन्मलेल्या चौथ्या गटाचं दार अजून उघडलेलं नाही. अर्ज २०१६ चा आहे.

गिऱ्हाईक तपासायचं म्हणजे निर्यातदारानं अंतिम वापरकर्त्याचा दाखला घ्यायचा: माल कोण वापरणार, कुठे, कशासाठी, पुढे विकणार का. आराखडा नुसता ईमेलनं पाठवला तरी ती निर्यातच. दाखला खोटा असू शकतो, हे तोशिबापासून सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मुरलेले लोक कागदापेक्षा वागण्याकडे बघतात. लाखोंचं यंत्र घेणारा माणूस ते बसवायला आपला फिटर नको म्हणतो, प्रशिक्षण नको म्हणतो, वॉरंटीचंही विचारत नाही आणि पोचवायचा पत्ता म्हणून एखाद्या क्लिअरिंग एजंटचं ऑफिस देतो, तेव्हा ऑर्डर बाजूला ठेवली जाते.