मेंदूच्या वेशीवर : लीना श्टर्न

शाळेत शास्त्रज्ञांची जी नावे आपण पाठ केली, त्यांत बाई म्हणजे एकट्या मादाम क्यूरी. या स्मरणिकेच्या निमित्ताने आणखी एका बाईंची ओळख करून देते.

लीना श्टर्न यांचा जन्म १८७८ चा, आजच्या लॅटव्हियातल्या ज्यू कुटुंबातला. १९१८ मध्ये त्या जिनिव्हा विद्यापीठातल्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. पेशी ऑक्सिजन कसा वापरतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करणारे कॅटलेज कसे काम करते, हे त्यांनी बातेल्ली यांच्यासोबत अभ्यासले. आजच्या 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'च्या अभ्यासाची ही जुनी पायवाट.

शिरेत सोडलेला रंग शरीरभर पसरतो, मेंदू मात्र कोरा राहतो, हे आधीच दिसले होते. लीनाबाईंनी ही राखण प्रयोगांनी तपासली आणि १९२१ मध्ये गोतिए यांच्यासह तिला 'रक्त-मेंदू अडसर' म्हटले. पण विष अडवणारा अडसर औषधही अडवतो. म्हणून पुढे मॉस्कोत क्षयजन्य मेंदूज्वरावर त्यांनी स्ट्रेप्टोमायसिन थेट मेंदूभोवतालच्या द्रवात देण्याचा मार्ग काढला.

१९३९ मध्ये त्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या, आणि दहाच वर्षांनी कैदी. ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या खटल्यात १९५२ मध्ये तेरा सहआरोपींना गोळ्या घातल्या गेल्या. लीनाबाईंना कझाकस्तानात हद्दपार केले.

स्टालिनच्या मृत्यूनंतर त्या परतल्या. पंचाहत्तरी उलटलेली असताना पुन्हा संशोधनाला लागल्या, त्या १९६८ मध्ये जाईपर्यंत. आपल्या आईवडिलांच्या पिढीला ग्रासणाऱ्या अल्झायमरवर औषध शोधणारे आजही त्यांच्याच अडसरापाशी झगडत आहेत.