२१५ च्या जागी २४५: ट्रॅकवरच्या टोयोटा जीटी८६ला रुंद टायर बसवताना काय काय बदलतं?

कार रेसिंगचे गेम खेळणाऱ्यांना टोयोटा जीटी८६ माहीत असेलच. गेममध्ये टायर बदलायला एक टॅप पुरतो. खऱ्या गाडीत मात्र २१५ चा टायर काढून २४५ चा घालायचा म्हटलं की रिम, सस्पेन्शन, मडगार्ड, इंजिनमधलं तेल, सगळ्यांचा विचार करावा लागतो. मी सॉफ्टवेअरवाला, मेकॅनिक नाही. पण या विषयातला बराचसा भाग साधं गणित आहे आणि ते फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं, म्हणून हा लेख.

आधी गाडीबद्दल थोडं. जीटी८६ २०१२ मध्ये आली. टोयोटा आणि सुबारूने मिळून बनवलेली, २ लिटरचं बॉक्सर इंजिन, २०० पीएस, ताकद मागच्या चाकांना, वजन साधारण १,२५० किलो. सुबारूच्या शोरूममध्ये हीच गाडी बीआरझेड नावाने मिळायची. भारतात ती अधिकृतपणे विकायला आली नाही, पण जपान, अमेरिका आणि युरोपात ट्रॅकवर हौसेने गाडी पळवणाऱ्यांची ही आवडती गाडी आहे. कंपनीने तिला मिशेलिन प्रायमसी एचपी हे २१५/४५ आर१७ मापाचे टायर दिले. हेच टायर प्रियसच्या काही मॉडेलवरही यायचे! कंजूषपणा म्हणून नाही, मुद्दाम. ग्रिप कमी असली की फार वेग नसतानाही गाडीची मागची बाजू हलकेच घसरते आणि चालवणाऱ्याला मजा येते. पण ट्रॅकवर लॅप टाइम कमी करायचा असेल तर हीच गोष्ट आड येते.

टायरवरचे आकडे

२१५/४५ आर१७ मध्ये २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल, आणि १७ हा रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत तीन वेगवेगळी मापं! कोणी प्रोग्रॅमरने असा डेटा फॉरमॅट केला असता तर कोड रिव्ह्यूमध्ये नक्की परत आला असता.

पूर्ण चाकाचा व्यास काढूया. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी. भिंत २१५ च्या ४५ टक्के, म्हणजे ९६.७५ मिमी, वर आणि खाली मिळून १९३.५. एकूण ६२५.३ मिमी.

आता हेच २२५/४५ आर१७ साठी केलं तर ६३४.३ येतात आणि २४५/४० आर१७ साठी ६२७.८. गंमत बघा: २४५ चा टायर जास्त रुंद असूनही उंचीला मूळ टायरच्या जास्त जवळ आहे, कारण त्याची टक्केवारी ४५ वरून ४० वर आली. व्यास जवळपास तोच राहिला की स्पीडोमीटर, गिअरिंग आणि एबीएस यांचं गणित बिघडत नाही. नुसती रुंदी वाढवून टक्केवारी तशीच ठेवली तर चाक उंच होतं. तुमच्या घरच्या गाडीलाही हा हिशेब लागू आहे. १८५/६५ आर१५ च्या जागी २०५/६५ आर१५ घातला तर व्यास ४ टक्क्यांहून जास्त वाढतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो.

मापाच्या पुढे आणखी एक आकडा असतो, उदाहरणार्थ ८७डब्ल्यू. ८७ म्हणजे तो टायर ५४५ किलो वजन पेलतो, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किमीपर्यंतचा वेग. नवीन टायरचा हा आकडा मूळच्यापेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही.

रुंद टायरने ग्रिप वाढते का?

शाळेत आपण शिकलो की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. मग रुंद टायर कशाला? प्रश्न रास्त आहे.

तुमचा फोन टेबलावर उपडा ठेवा. एका चाकावर साधारण ३१० किलो वजन आणि आत ३५ पीएसआय हवा धरली, तर टायर रस्त्याला टेकतो ती जागा १२५ चौ. सेंमीच्या आसपास येते. म्हणजे जवळपास त्या फोनएवढी. ब्रेक, वळण, वेग, सगळं या चार फोनएवढ्या जागांवर चालतं. हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला तर ही जागा फारशी वाढत नाही, तिचा आकार बदलतो. आडवी जास्त पसरते, लांबीला कमी होते.

फायदा येतो तो रबराच्या स्वभावामुळे. रबरावर वजन दुप्पट केलं तर ग्रिप दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. समजा वळणाआधी एका जोडीतल्या दोन्ही टायरवर ३००-३०० किलो आहेत आणि प्रत्येक जण ३०० ची ग्रिप देतो, एकूण ६००. वळणात बाहेरच्या टायरवर ५०० आले, आतल्यावर १०० उरले. आता बाहेरचा ५०० ऐवजी ४५० देईल, आतला १०५, एकूण ५५५. (आकडे समजण्यापुरते आहेत.) रुंद टायरमध्ये हा तोटा कमी होतो, कारण वजन पेलायला आडवं जास्त रबर असतं.

दुसरा फायदा उष्णतेचा, आणि माझ्या मते ट्रॅकवर तोच मोठा. अरुंद टायर काही लॅपमध्ये इतका तापतो की रबर ‘ग्रीसी’ होतं आणि गाडी साबणावरून गेल्यासारखी सरकते. रुंद टायरमध्ये रबर जास्त असल्याने उष्णता वाटली जाते, आणि पाचव्या लॅपलाही तो पहिल्यासारखाच वागण्याची शक्यता वाढते.

पण आधी कंपाउंड, मग रुंदी

इथे मी स्पष्ट बाजू घेतो. मूळ ७ इंची रिम तशीच ठेवून, त्याच २१५ मापात चांगल्या कंपाउंडचा टायर घालणं ही पहिली पायरी. २०२१ मध्ये आलेल्या जीआर८६ चंच बघा. इंजिन २.४ लिटरचं झालं, महागड्या मॉडेलला १८ इंची रिम आणि मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ दिले, पण माप २१५/४० आर१८. म्हणजे रबर बदललं, रुंदी तीच! कडक कंपाउंडचा २४५ घेणाऱ्याला मऊ कंपाउंडचा २१५ वाला आरामात मागे टाकू शकतो. अमेरिकेत टायरवर ‘ट्रेडवेअर’ आकडा छापलेला असतो. ढोबळमानाने तो जितका लहान, तितकं रबर मऊ आणि चिकट, आणि तितकंच लवकर झिजणारं. ट्रॅकच्या हौशी मंडळींत २०० हा आकडा प्रसिद्ध आहे.

रिम आणि ऑफसेट

२४५/४० आर१७ साठी रिम ८ ते ९.५ इंच रुंद हवी. मूळ ७ इंचीवर तो चढवला तरी भिंती आत चिमटल्या जातात, वळणात टायर डुलतो आणि पैसे वाया जातात. म्हणून २४५ म्हणजे नवीन रिम आलीच. २२५/४५ मात्र ७ इंचीवर चालतो.

रिमवर +४८ सारखा आकडा असतो, तो ऑफसेट. रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारा भाग किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे, ते तो सांगतो. मूळ रिम १७×७, +४८. नवीन १७×९, +४५ घेतली तर? रुंदीचा अर्धा भाग ८८.९ वरून ११४.३ मिमी होतो. आतल्या बाजूला ८८.९ + ४८ = १३६.९ होतं, ते आता १५९.३. बाहेर ४०.९ होतं, ते ६९.३. म्हणजे चाक आत सुमारे २२ मिमी आणि बाहेर सुमारे २८ मिमी सरकलं. आत सस्पेन्शनचा स्ट्रट आहे, बाहेर मडगार्डची कड. या दोघांत जागा उरते का, हा खरा प्रश्न.

यासाठी पुढच्या चाकांना निगेटिव्ह कॅम्बर देतात, म्हणजे चाकाचा वरचा भाग थोडा आत झुकवतात. त्याने मडगार्डपासून अंतर मिळतं आणि वळणात टायर पूर्ण टेकतो, दुहेरी काम. मूळ सेटिंगमध्ये पुढे कॅम्बर जवळपास नसतोच, त्यामुळे कॅम्बर बोल्ट किंवा प्लेट लागतात. तेवढ्याने भागलं नाही तर मडगार्डची आतली कड दुमडतात, पण रंगाला तडा जाऊ शकतो.

बोल्टचं वर्तुळ ५×१००, हबचं भोक ५६.१ मिमी. आणि नट? नाव टोयोटा असलं तरी हबचे बोल्ट सुबारूच्या पद्धतीचे आहेत, एम१२×१.२५. टोयोटाच्या इतर गाड्यांचे १.५ चे नट जोर लावून बसवले तर आटे खराब होतात.

बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघायचं, मग जॅकने सस्पेन्शन दाबलेल्या स्थितीत आणून पुन्हा बघायचं. अंगणात न घासणारा टायर ट्रॅकवर कर्ब चढताना घासतो, आणि भिंत कापली गेली तर वेगात फुटतो. हा धोका लॅप टाइमपेक्षा मोठा आहे.

किंमत कुठे कुठे मोजावी लागते

रुंद टायर आणि रिमचं वजन वाढतं, तेही फिरणारं वजन. हवेचा विरोधही वाढतो. २०० पीएसच्या गाडीला हे जाणवतं. जपानमधला त्सुकुबा ट्रॅक साधारण २ किमीचा आणि वळणांचा, तिथे रुंद टायर फायद्याचा. फुजी स्पीडवेची मुख्य सरळ पट्टी जवळपास दीड किमीची, तिथे वळणात कमावलेलं थोडं परत द्यावं लागतं. पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. फक्त मागे रुंद टायर घातले तर गाडी वळायला नकार देते, म्हणून या गाडीत चारही सारखेच घालतात. शिवाय ग्रिप वाढली की लांब वळणात तेल आणि पेट्रोल एका बाजूला जास्त जोरात ढकललं जातं. टाकी अर्ध्याच्या खाली असेल तर वळणात इंजिन अडखळू शकतं.

ट्रॅकवरून घरीही हीच गाडी न्यायची असेल तर कायदा बघावा लागतो. जपानच्या ‘शाकेन’ तपासणीत मडगार्डबाहेर आलेली रिम चालत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं.

ट्रॅकच्या दिवशी

हवा थंड टायरमध्ये मोजून विसरायची नसते. २५ अंशाला ३० पीएसआय भरली आणि आतली हवा ७० अंशांपर्यंत तापली, तर मीटर साधारण ३७ दाखवेल. म्हणून पिटमध्ये आल्या आल्या मोजायची, जास्तीची सोडायची आणि चारही आकडे फोनमध्ये लिहून ठेवायचे. टायरच्या खांद्यावरचे छोटे त्रिकोण बघा. झीज त्यांच्या पलीकडे भिंतीवर गेली असेल तर हवा कमी आहे किंवा कॅम्बर अपुरा आहे. पहिल्या सेशननंतर चाकं थोडी निवली की नट टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरला पुन्हा तपासायचे, नवीन रिम असेल तर नक्कीच.