ट्रॅक्टर, चाकं आणि स्टोअरवाल्या काकांची डायरी

आजची गोष्ट माझ्या फजितीपासून सुरू होते.

पहिल्याच नोकरीत एका कारखान्याचं प्रॉडक्शन प्लॅनिंग एक्सेलमधून सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं काम माझ्याकडे आलं. गो-लाइव्ह झालं आणि तिसऱ्या दिवशी लाइन बंद. सिस्टिम म्हणत होती ४०० बेअरिंग शिल्लक आहेत, रॅकवर मात्र एकही नाही. स्टोअरचे काका म्हणाले, "आता तुमच्या कॉम्प्युटरलाच विचारा." राग आला. पण नंतर इतिहास वाचला आणि कळलं, हे दुखणं माझ्या वयापेक्षा जुनं आहे.

पूर्वी कारखान्यात साधा नियम असायचा: माल ठरावीक पातळीच्या खाली गेला की नवी ऑर्डर टाका. अमेरिकेत ट्रॅक्टरच्या धंद्यात काम केलेल्या, मूळच्या चेकोस्लोव्हाकियाच्या जोसेफ ऑर्लिकी यांनी यातली चूक दाखवली. सायकली किती खपतील हा अंदाज असतो. पण १०० सायकली बनवायच्या ठरल्या, की २०० चाकं लागणार, हा अंदाज नाही, साधा गुणाकार आहे! मग चाकांचाही अंदाज कशाला बांधायचा? गुणाकार करा, शिल्लक वजा करा, माल यायला लागणारे दिवस मागे मोजा. हेच एमआरपी.

गणित सोपं, पण हजारो पार्ट्सचं हाताने कोण करणार? टेपवरचा डेटा कॅसेटसारखा ओळीनेच वाचावा लागायचा. १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक आणला. ५० तबकड्या, वजन जवळपास टनभर, जागा फक्त ५ एमबी. आज तुमच्या मोबाईलमधला एक फोटो! पण कुठल्याही पार्टच्या नोंदीवर थेट उडी मारता यायला लागली. १९६४ मध्ये ब्लॅक अँड डेकरने एमआरपी वापरात आणलं. १९७२ मध्ये जर्मनीत आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी सॅप सुरू केली. १९७५ मध्ये ऑर्लिकींचं पुस्तक आलं.

आणि तरीही अनेक ठिकाणी गाडी अडली. ऑर्लिकींचे सहकारी ऑलिव्हर वाइट यांनी कंपन्यांना ए ते डी ग्रेड द्यायला सुरुवात केली. डी म्हणजे काय? सिस्टिम फक्त कॉम्प्युटर विभागात चालते, शॉप फ्लोअर आपल्या जुन्या याद्यांवरच चालतो. वाचताना मी चपापलोच. हे तर आम्ही!

मग काकांकडे गेलो. त्यांच्या डायरीत खरे आकडे होते. रिजेक्ट झालेली बेअरिंग ते तिथे लिहायचे, कारण माझ्या स्क्रीनवर रिजेक्शनची जागाच मी ठेवली नव्हती. चूक त्यांची नव्हतीच. ती जागा केली. रोज एक रॅक दोघांनी मिळून मोजायला लागलो. हळूहळू आकडे जुळले. डायरी मात्र काकांनी बंद केली नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही.

गुणाकार मशीन करेल हो. पण शिल्लक किती, हे रॅकसमोर उभा असलेला माणूसच सांगतो. त्याला आधी विचारा.

भेटू पुढच्या भागात!