जुनं करून द्या

कातड्यावर लोखंडाचा काळा डाग पडला तर लिंबू चोळायचं, हे मला आज्यानं शिकवलं. मी तेव्हा आठेक वर्षांचा असेन. ऐन पावसाळ्यात ओल्या कातड्यावर आरी विसरलो आणि सकाळी बघतो तर आरीच्या आकाराचा काळाकुट्ट ठसा. आज्यानं आधी पाठीत एक धपाटा घातला, मग अर्धं लिंबू हातात दिलं. चोळता चोळता डाग निळसर झाला, मग राखाडी, मग गेला. पण लिंबू लागलेली जागा भोवतालापेक्षा फिकी पडली. मी रडकुंडीला आलो. आजा म्हणाला, “ऱ्हाऊ दे. ऊन लागलं की येतंय सारखं.” दोन-अडीच महिन्यांत आलंही.

आता साठी उलटल्यावर धारावीत काळ्या किल्ल्याजवळच्या गाळ्यात बसून मी पोटासाठी रंग उतरवतो. कोरी करकरीत जॅकेटं घेऊन पोरं येतात. “काका, हे जरा जुनं करून द्या. कोपर उजळवा, खिशाच्या कडा पांढऱ्या करा, बापाचं घातल्यासारखं वाटलं पाहिजे.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा गंमत करतोय. आमच्या घराण्यात जुन्याचं नवं करून देणं हा धंदा होता. उलटा कधी कुणी केला नव्हता, कारण तशी गरजच पडत नव्हती.

गरज का पडत नव्हती, त्यासाठी गावाकडं जावं लागेल. आमच्या कोल्हापूरच्या बाजूला कातडं कमवायचं काम ढोर समाजाचं आणि शिवायचं आम्हा चांभारांचं. चुन्याच्या हौदात केस सुटले की कातडं खरवडायचं, धुवायचं, मग त्याचीच पिशवी शिवून आडव्या वाशाला टांगायची. त्या पिशवीत बाभळीची साल आणि हिरडा घालून पाणी ओतायचं. पाणी कातड्यातून झिरपून खालच्या भांड्यात थेंब थेंब पडायचं, ते उचलून पुन्हा वर ओतायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बिनमुंडक्याची जनावरं टांगलीत. वासाचं तर बोलूच नका. त्या वासापायी गावानं या माणसांना वेशीबाहेर ठेवलं आणि त्यांनीच कमावलेल्या कातड्याच्या वहाणा घालून गाव देवळापर्यंत गेलं.

पिशवी उसवून वाळवली की कातडं निघायचं बदामी, फिकट. त्यानंतरचं काम उजेडाचं. सालीतला तुरट रस कातड्यात मुरलेला असतो, तो उजेडात हळूहळू तांबूस होतो. सगळ्या झाडांचा होत नाही. बाभूळ आणि तरवड तांबडं चढवतात, हिरडा मात्र पिवळटच राहतो. मद्रासकडं तरवडाच्या सालीत कमावलेलं कातडं इंग्रजांच्या काळात जहाजं भरभरून विलायतेला जायचं. ते उन्हात लाल पडतं अशी ओरड असायची, म्हणून तिथले कारागीर शेवटी त्याला हिरड्याच्या पाण्यातून काढत. रंग उजळ व्हायचा आणि लाली आटोक्यात राहायची. आजा मद्रासला कधी गेला नाही, पण कुणी पिवळी वहाण मागितली की ढोरवाड्यात निरोप जायचा, ‘यंदा हिरडा जास्ती घाला.’

लोखंडाचा डागही त्याच रसाचा खेळ. हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काळी शाई होते. कातड्यात हिरडा असतोच, आरीनं लोखंड दिलं, झाली शाई. लिंबाचं आम्ल ते लोखंड सोडवून घेतं. शहरात हेच काम ऑक्झॅलिक ॲसिडनं करतात. पकड दांडगी, पण हातमोजे नसतील तर तुमचीही कातडी कमावली जाईल.

मोट घ्या, पखाल घ्या, कापशीची वहाण घ्या. पाण्यानं, तेलानं, घामानं, उन्हानं त्यांना रंग चढायचा आणि घासेल तिथं उतरायचा. वापर कातड्यावर आपोआप लिहिला जायचा.

हे मोडलं बायकांच्या कंबरपट्ट्यापायी. न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टस शुल्ट्झ नावाचा माणूस रंगाच्या धंद्यात होता. तिकडच्या बायका कमर आवळायला कॉर्सेट घालत आणि त्यातल्या पोलादी पट्ट्यांवर तुरटीत कमावलेलं कातडं मढवलेलं असे. त्यानं पोलाद गंजायचं. गंज न धरणारं कातडं हवं म्हणून शुल्ट्झ क्रोमियमच्या क्षारांच्या मागं लागला आणि १८८४ मध्ये त्यानं पेटंट काढलं. पुढं १८९३ मध्ये मार्टिन डेनिसनं तीच रीत सोपी केली. १९०३ च्या सुमाराला आल्फ्रेड चॅटरटन या साहेबानं मद्रासला क्रोम आणलं. सालीला आठवडे लागत, तिथं क्रोमचं काम एक-दोन दिवसांत.

पण क्रोमचं कातडं बाहेर येतं निळसर राखाडी. धंद्यात त्याला वेट ब्लूच म्हणतात. त्याला स्वतःचा असा वर्ण नसतो, म्हणून वरून रंगवायचं, त्यावर पिगमेंट मारायचं, त्यावर चकचकीत थर द्यायचा. तो थर भिंतीच्या ऑइलपेंटसारखा. उजेड आत जाणार नाही, तेल मुरणार नाही. असं जॅकेट म्हातारं होत नाही, थेट पापुद्रे सुटून मरतं.

धारावीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून टॅनऱ्या होत्या. बांद्र्याचा कत्तलखाना जवळ, खाडीचं पाणी जवळ आणि तिरुनेलवेलीकडचे तमिळ मुसलमान कारागीर. १९७१ मध्ये कत्तलखाना देवनारला गेला, मागोमाग टॅनऱ्याही इथून हटल्या. आता इथं शिवणकाम उरलंय आणि कातडं चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून तयार रंगवून येतं.

पोरं फोनवर जी चित्रं दाखवतात ती बहुतेक एकाच जॅकेटची असतात, ए-टू. अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेनं १९३१ मध्ये ठरवलेलं, वैमानिकांसाठी. ते बहुतेक घोड्याच्या कातड्याचं आणि कातडं सालीत कमावलेलं. रंग वरवर दिलेला, त्यामुळं कोपर, मनगट, चेनची कड इथं तो उडाला की आतलं तांबूस अंग दिसायला लागतं. त्या काळच्या काळ्या मोटरसायकल जॅकेटांचीही तीच गत, वर काळं आणि आत तपकिरी. जपानी शौकीन याला चाशिन म्हणतात. ‘चा’ म्हणजे आपला चहाच, ‘शिन’ म्हणजे गाभा. आत चहा असलेलं कातडं! हा शब्द कळला त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना कटिंग पाजला.

म्हणजे पोरांना हवं असतं सालीचं कातडं, हातात असतं क्रोमचं आणि मधे मी.

सिनेमावाले हे माझ्याआधी शिकले. १९८१ च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’साठी डेबोरा नॅडूलमन या वेशभूषाकर्तीनं इंडियाना जोन्सची जॅकेटं तारेचा ब्रश आणि खिशातला चाकू घेऊन हातानं झिजवली होती. माझी पहिली मोठी ऑर्डरही एका सिरियलचीच. एका नटाची तीन जॅकेटं, तिन्ही सारखी जुनी पाहिजेत. दोन नीट झाली. तिसऱ्याला घाई झाली म्हणून मी कपड्याचं ब्लीच लावलं. रंग उतरला, त्याबरोबर जीवही उतरला. कातडं म्हणजे शेवटी केसांसारखंच प्रथिन, ब्लीच ते खाऊन टाकतं. सकाळी बाही पापडासारखी मोडली. पैसे भरून दिले, आणि आज्याचा धपाटा चाळीस वर्षांनी पुन्हा पाठीत बसला.

आता घाई करत नाही. आधी कॉलरखाली थेंबभर ॲसिटोन लावून कापसावर काय येतंय ते बघतो. रंग आला तर बोलणं पुढं, नाहीतर जॅकेट परत. मग गिऱ्हाइकालाच ते घालायला लावतो, बसवतो, हात टेबलावर टेकवायला सांगतो, खिशात हात घालायला लावतो. चुण्या पडतील तिथं खडूनं खुणा करतो. डावरा आहे का, हे विचारायला विसरत नाही. डावऱ्याचा उजवा खिसा झिजवून ठेवला तर ते सोंग ओळखू येतं. कापूस सगळीकडं फिरवायचा नाही, फक्त खुणांवर. वरचा थर मऊ पडला की ६०० नंबरचा सँडपेपर, तोही भिजवून, बोटाच्या टोकानं. उन्हात न्यायचं, बघायचं, परत आणायचं. ट्यूबलाइटखाली जो रंग बरा दिसतो तो रस्त्यावर महारोग्यासारखा दिसतो. शेवटी तेलाचा हात, अगदी पुसट, कारण तेलानं रंग पुन्हा गडद होतो आणि दोन दिवसांची मेहनत पाण्यात जाते.

कॉलरच्या आत दोन बोटं जागा मात्र मी मूळ रंगाची तशीच सोडतो. गेल्या दिवाळीआधी एक जण वर्षापूर्वी झिजवून दिलेलं जॅकेट घेऊन परत आला. लग्न ठरलं होतं, सासरे येणार होते.

“काका, हे परत नवं होईल का?”

मी कॉलर उलटली, रंग जुळवायला घेतला.